सहा महिन्यांच्या गोळ्या आणि परत करायचे पैसे

ज्यांना टीबीच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना चालू नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही. फक्त वाचताना हसून खोकला लागला आणि तो दोन आठवडे थांबला नाही, तर थुंकी तपासून घ्यावी. मी वेळेवर घेतली नव्हती. त्या काळात मी दुसऱ्याच तपासात गुंतलो होतो.

मी विणकर. पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या अलीकडे आमचं गाव. घरात खड्डामाग, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून चालवायचा हातमाग; मागावर मी, चरख्यावर बायको कुसुम. एक मुलगी, माया, ती साकोलीला दिलेली. स्वभावाने मी संशयी आहे. हे आपणहून सांगतो, कारण गावात कुणालाही विचारलं तरी कळणारच आहे. गोंदिया जिल्हा आमच्यातून वेगळा काढला तेव्हा माझं रेशनकार्ड तिकडे गेलं असणार असं धरून मी दोनदा भंडाऱ्याला जाऊन खात्री करून आलो. कारकुनाने भिंतीवरचा नकाशा दाखवला, पवनी कुठे, गोंदिया कुठे. मी म्हटलं, नकाशा काढला कुणी? त्याने मला बाहेर बसायला सांगितलं.

फुकटचे पैसे

एका दसऱ्यानंतर गावात एक संस्था आली. समाजमंदिरात सभा झाली. नागपूरच्या एक मॅडम बोलल्या. वय पन्नाशीचं, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. म्हणाल्या, गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळेल, दीड वर्ष. बाईची बाईच्या खात्यात, पुरुषाची पुरुषाच्या. श्रीमंत-गरीब पाहणार नाही. काम मागणार नाही. मधूनमधून येऊन काही प्रश्न विचारू, बस. हातात दर महिन्याला खात्रीचे पैसे असले तर माणसाचं खाणंपिणं, औषधपाणी सुधारतं का, हे त्यांना पाहायचं होतं.

रक्कम फार नव्हती, माझ्या दोन लुगड्यांच्या मजुरीएवढी. पण दोन लुगडी विणायला माझी कंबर जाते, आणि इथे नुसतं जिवंत राहायचं होतं. मी उठून उभा राहिलो.

"मॅडम, हे पैसे तुम्ही कायले देऊन राहिले?"

"असेच."

"असेच कोणी देते का जी?"

लोक हसले. मॅडमही हसल्या. तेव्हापासून मी त्यांच्यावर पाळत ठेवली.

शेजारी रतिराम राहतो, निवृत्त कोतवाल. आम्ही दोघं त्याच्या ओट्यावर बसून कारणं शोधायला लागलो. निवडणूक असेल. किडनीचं काही असेल, आधी खाऊपिऊ घालून मग काढत असतील. सगळ्यात जड कारण होतं ते जमिनीचं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्या भागात धरण झालं तेव्हाही आधी कागद घेऊन माणसंच आली होती, नावं विचारत, खाती उघडून देत. त्यांनीही काही मागितलं नव्हतं. नंतर माझ्या मामाचं गाव पाण्याखाली गेलं. तेव्हा आमच्याकडे कुणी गोड बोलून कागद पुढे केला की माणूस आधी पाण्याची पातळी पाहतो.

कुसुमने पहिल्या दिवशीच अंगठा टेकवला. मीही सही केली, आत राहून नजर ठेवता यावी म्हणून. पण ठरवलं असं, की माझ्या खात्यातल्या पैशाला हात लावायचा नाही. ज्या दिवशी ते परत मागायला येतील त्या दिवशी जसेच्या तसे त्यांच्यापुढे टाकायचे आणि म्हणायचं, घ्या, आता सांगा काय पाहिजे होतं. रतिरामलाही हे पटलं. त्याने पहिल्याच महिन्यात पैसे काढून छताचा पंखा आणला. म्हणाला, "मोरेश्वरभाऊ, पंखा बी वापस देता येते."

डबी

खोकला मला सभेच्या आधीपासून होता. पण विणकराच्या घरात सुताचा बारीक कोंडा उडतो, खोकतो तर सगळेच. दुपार कलली की अंगात कसर भरायची. सदरा ढिला झाला तर मी शिंप्याला दोष दिला.

गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या कार्यकर्त्या, वनिताबाई तिकडच्या बौद्ध टोलीतल्या. घरोघर फिरताना त्यांनी माझा खोकला ऐकला आणि थुंकी घ्यायला प्लॅस्टिकची डबी दिली. सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून द्या, म्हणाल्या. आता पाहा, संस्था आली आणि महिन्याभरात कुणी माझी थुंकी मागते. मी दोन आणि दोन जोडले आणि बावीस केले. त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून डबीत मी रतिरामला थुंकायला लावलं.

अहवाल साफ आला. रतिराम ठणठणीत निघाला. मी पंधरा-वीस दिवस गावभर सांगत फिरलो की माझी छाती पोलादाची आहे.

मग एका सकाळी लुगड्याच्या पांढऱ्या पोतावर लाल ठिपका दिसला. आधी वाटलं, कुसुमने कुंकवाचा हात लावला. दुसरा ठिपका मी पाहत असताना पडला.

वनिताबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी मले फसवलं असं तुमाले वाटते. मी तर डबी देऊन घरी जेवाले गेली." दुसरी डबी दिली आणि या वेळी समोर उभ्या राहिल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सरळ सांगितलं: टीबी आहे, बरा होतो, सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. गोळ्या तेज आहेत, पोटात अन्न पाहिजे. अंडी, डाळ, दूध. मागावर बसणं काही दिवस बंद. मधेच सोडल्या तर पुढच्या वेळी याच गोळ्या काम करणार नाहीत. मी विचारलं, दुसऱ्या कुणाची थुंकी असू शकते का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला रतिराम आठवला.

परतीच्या एसटीत मला मरणाची भीती वाटली असं लिहायला हवं. खरं सांगतो, मी मागाचा विचार करत होतो. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा अर्धाच विणलेला होता आणि सूत देणाऱ्या शेठजींनी लुगडं पौर्णिमेपर्यंत मागितलं होतं. शेजारी बसलेली कुसुम खिडकीबाहेर पाहत एवढंच म्हणाली, "मले वाटलंच होतं." तिला वाटलं होतं तर बोलली का नाही, म्हणून मी तिच्याशी भांडलो. कंडक्टर मध्ये पडला.

तोंडाने ओढलेला धागा

हे विणकरांसाठी लिहितो, बाकीच्यांना नवल वाटेल. धोट्यात, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेत, सुताची नवी कांडी भरली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. आम्ही भोकाला तोंड लावून श्वास आत ओढतो, धागा टपकन बाहेर येतो. माझा बाप असंच करायचा, त्याचा बाप असंच. दिवसातून किती वेळा, ते मोजलेलं नाही. आमच्या घरी कुसुम धोटा भरून, ओढून माझ्या हातात द्यायची. कधी घाईत मीच ओढायचो आणि रिकामा झाला की पुन्हा तिच्याकडे. वर्षानुवर्षं एकच धोटा, दोन तोंडं.

डॉक्टरांनी घरात कोण कोण आहे ते विचारलं होतं, धोट्याचं कोण विचारणार? एसटीतून उतरल्यावर मला ते आठवलं आणि मी मागे रेंगाळलो. घरी येऊन कुसुमला सांगायला तोंड उघडलं, तर ती चरख्याजवळ बसून सायकलच्या तारेचा तुकडा वाकवून आकडा करत होती. धागा आकड्याने ओढून तिने मला दाखवला.

तिची तपासणी झाली, साफ होती. खोकला आला तर लगेच या, असं सांगितलं. तेव्हापासून ती फोडणी देताना ठसकली तरी मी दाराशी जाऊन उभा राहायचो.

मायाला साकोलीहून यायचं होतं. तिच्या कडेवर चार महिन्यांचं पोर. मी फोनवर येऊ नको म्हटलं, कारण सांगितलं नाही. तिला वाटलं जावई मागच्या वेळी काही बोलले त्याचा राग. बापलेक आठ दिवस एकमेकांवर रुसलेलो, आणि दोघांनाही कशावर ते माहीत नाही.

लाल पाणी

गोळ्या सुरू झाल्या त्याच दिवशी लघवी लाल झाली. गोळ्यांमुळे होते, घाबरू नका, असं वनिताबाईंनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा मी त्यांच्या पिशवीत आणखी काय आहे ते पाहत होतो, म्हणून ऐकलं नाही. मी ती लघवी बाटलीत भरली, पुरावा म्हणून, आणि रतिरामच्या ओट्यावर नेऊन ठेवली. आम्ही दोघांनी ती उन्हात धरून पाहिली. रतिराम म्हणाला, यात रंग टाकला आहे. तेवढ्यात त्याची सून चहा घेऊन आली आणि विचारलं, "बाबाजी, सरबत कायचं हाय?"

वनिताबाईंनी दुसऱ्या दिवशी ऐकलं आणि त्यानंतर गोळी गिळून झाली की त्या मला तोंड उघडायला लावू लागल्या.

उपाशीपोटी

आता माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीकडे येतो.

शेठजींना कळलं. ते वाईट बोलले नाहीत, आराम करा म्हणाले, आणि माझा पुढचा ताणा दुसऱ्या घरी दिला. मजुरी बंद. कुसुम धानकापणीला जाऊ लागली. घरात तांदूळ होता, डाळ पातळ होत गेली. आणि माझ्या खात्यात महिन्याला रक्कम पडत होती, जशीच्या तशी.

मी काय केलं असेल? एक जेवण कमी केलं. सकाळी कुसुम कामाला गेली की मी बिनदुधाच्या चहावर गोळ्या घ्यायचो. तिला सांगायचो, रतिरामकडे जेवलो. वनिताबाई गोळी गिळताना पाहायच्या आणि जायच्या. अर्ध्या तासाने मी घराच्या बाजूला जाऊन ओकायचो, वर राख टाकायचो. उरलेला अर्धा ताणा पूर्ण करायला चोरून मागावर बसायचो. मला वाटायचं मी हुशारी करतो आहे. संस्थेला काही सापडणार नाही, शेठजींना लुगडं मिळेल, बायकोच्या ताटातलं कमी होणार नाही. सगळ्यांना फसवून झालं. फक्त गोळ्यांना फसवता येत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी मागाच्या खड्ड्यात पडलो. उठताना पडलो की बसताना, ते आठवत नाही. कुसुम दुपारी आली तेव्हा पाय वर आणि डोकं खाली, असा होतो म्हणे. डोळे पिवळे झाले होते.

कॉट

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात आठ दिवस काढले. तिथला दिवस फरशी पुसण्याने सुरू होतो. मग चहा, मग सुई, मग मोठे डॉक्टर येण्याआधी सगळ्यांनी आजारी दिसायची तयारी. माझ्या गोळ्या थांबवल्या होत्या. यकृताला सूज होती, ती उतरेपर्यंत देता येत नव्हत्या. आणि थांबवल्या म्हणजे काय, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलेलं होतं. पुढच्या वेळी याच गोळ्यांनी काम केलं नाही तर? छताकडे पाहत मी तेवढाच प्रश्न उलटापालटा करायचो. या आठ दिवसांत मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो.

शेजारच्या कॉटवर चिखला गावचा एक म्हातारा होता, जन्मभर खाणीत खाली उतरलेला, छातीच्याच कशाने तरी आलेला. त्याने विचारलं, खात काय होतास? मी डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं, त्याला का कोण जाणे खरं सांगितलं. पैशाचं, परत करायचं, सगळं. तो बराच वेळ हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.

"मंग तू मेल्यावर वापस करन कोण? सही तं तुझीच लागते नं."

याचा मी विचारच केला नव्हता.

वाढणाऱ्या बाईला त्याने काही सांगितलं असावं. त्या दिवसापासून माझ्या ताटात डाळीचा दुसरा पळा पडायला लागला. मी विचारलं, मला का जास्त? ती म्हणाली, नको असेल तर राहू दे. मी ताट पुढे केलं. संशयाला भूक लागली की तो जरा बाजूला बसतो, एवढं तिथे शिकलो.

कुसुम रोज यायची. पाचव्या दिवशी तिने कॉटच्या कडेला बसून विचारलं.

"खात्यात पैसे हायेत ना तुमच्या?"

"ते आपले नाही."

"अन् तुमी? तुमी कोनाचे हा मंग?"

माझा रक्तदाब घ्यायला नर्स आली तर मला बरं वाटलं.

नवव्या दिवशी सुटी मिळाली आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, एकेक करून. या वेळी पोटात टिकल्या.

आमच्या कोंबड्या

घरी आल्यावर जेवण बदललं. सकाळी गोळीआधी भाकर आणि दोन उकडलेली अंडी. संध्याकाळी दूध. डाळ अशी की तिच्यात चमचा उभा राहावा. मी विचारलं, अंडी कुठून? कुसुम म्हणाली, आपल्या कोंबड्यांची. आमच्याकडे दोन कोंबड्या होत्या. रोज दोन अंडी म्हणजे दोन्ही कोंबड्या एकही दिवस सुटी न घेता घालत होत्या. नागपूरच्या मॅडमवर, आशाताईवर, सरकारच्या नकाशावर संशय घेणाऱ्या या माणसाने अडीच-तीन महिने एकदाही मागच्या अंगणात जाऊन खुराडं पाहिलं नाही. उलट चार लोकांत मी आमच्या कोंबड्यांचं कौतुक करायचो.

वजन वाढलं. खोकला कमी झाला. चौथ्या महिन्याच्या तपासणीत थुंकी साफ आली, या वेळी माझी स्वतःची.

त्याच सुमारास मॅडम प्रश्न विचारायला आल्या. ओसरीत खुर्ची टाकली. त्यांच्याकडे छापील कागद, प्रत्येक खातेदाराची एक ओळ. पैसे कशावर खर्च केले? मी छाती काढून म्हटलं, एक पैसाही नाही, जसेच्या तसे आहेत, पाहिजे तर आत्ता घेऊन जा. त्यांनी लिहिलं. प्रकृती कशी आहे? सुधारली, म्हटलं. तेही लिहिलं. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, पैसे नाही काढले तर मग एवढ्या तेज गोळ्या सोसल्या कशावर?

"घरच्या कोंबड्या हायेत जी. रोजचे दोन अंडे."

आतून कुसुमचा आवाज आला. मोठा नव्हता, पण ओसरीत सगळ्यांना ऐकू गेला.

"कोंबड्या दिवाळीच्या आधीच मुंगसानं नेल्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे.

कुसुम हात पुसत बाहेर आली. मॅडमला म्हणाली, "यायले सांगितलं असतं का पैशाचे हाय, तं यायनं खाल्ले नसते. मनून कोंबड्याचे मनलं." अंडी वरच्या आळीतल्या दुकानातून येत होती, दूध गवळ्याकडून, डाळ बाजारातून. सगळं तिच्या खात्यातल्या रकमेतून. पहिल्या महिन्यापासून तिने साठवून ठेवले होते. मी तिलाही विचारत होतो, तुझे पैसे कुठे आहेत? ती म्हणायची, आहेत. आहेत ते खरंच होतं, माझ्या पोटात होते.

मॅडमनी कुसुमच्या ओळीत लिहिलं: अन्न.

मी हसलो. लोकांना सांगायला गोष्ट चांगली होती आणि मी ती त्याच संध्याकाळी रतिरामच्या ओट्यावर सांगितलीही. पण सांगता सांगता एक गोष्ट टोचली. दोन अंडी मला. मग तिला? मी आठवायला लागलो. तिच्या ताटात अंडं पाहिल्याचं आठवेना. दूध आठवेना. धानकापणीला ती जायची ती चटणी-भात खाऊन. आणि गेले चार दिवस ती खोकत होती, तोंडाला पदर लावून, मला दिसू नये म्हणून.

पवनीची बँक

दुसऱ्या दिवशी मी पवनीच्या बँकेत गेलो. स्लिप भरताना मी उत्तरं जुळवत होतो. खिडकीतला माणूस विचारेल, इतके महिने काढले नाहीत, आज एकदम का? त्याने काही विचारलं नाही. नोटा मोजून सरकवल्या. मी बाहेर येऊन पुन्हा मागे वळून पाहिलं, कुणी मागे आलं का. कुणी नव्हतं. एक बाई तिथल्या पायरीवर बसून तिचे काढलेले पैसे पदराला बांधत होती, बस.

कुसुमला घेऊन भंडाऱ्याला गेलो. ती यायला तयार नव्हती. म्हणाली, मले काही नाही झालं, धानाच्या धुळीचा खोकला आहे. मी म्हटलं, माझा सुताचा होता. मग ती निघाली.

थुंकी दिली, एक्स-रे काढला. अहवालाला दोन दिवस. या दोन दिवसांत मी संशय घेतला नाही, कुणावरच. शक्ती नव्हती. घरातला धोटा फडताळात ठेवून दिला आणि त्याच्याकडे पाहायचो नाही. मनात एकच: तिला झाला असेल तर माझ्यामुळे. आणि ती अशक्त झाली असेल तर तीही माझ्यामुळे. मी एवढ्या हुशारीने राखून ठेवलेले पैसे त्या अख्ख्या काळात बँकेत गार पडून होते.

टीबी नव्हता. डॉक्टर म्हणाले, खोकल्याला औषध देतो, पण बाईंचं वजन फार कमी आहे, घरात खायला मिळत नाही का? मी म्हटलं, मिळते, पण मीच खातो. डॉक्टरांना वाटलं मी थट्टा करतो आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला. एकमेकांसमोर बसून खायचं आणि दोघांच्या ताटात एकसारखं. दुकानदाराला चार अंडी सांगितली. कुसुमने पहिलं अंडं सोललं, अर्धं माझ्या ताटात ठेवायला हात पुढे केला आणि माझा चेहरा पाहून मागे घेतला. मायालाही सगळं सांगितलं. ती फोनवर रडली आणि पुढच्याच रविवारी आली. पोराला मी तेव्हा पहिल्यांदा घेतलं.

सहावा महिना संपला. शेवटची गोळी वनिताबाईंनी समोर बसून दिली आणि सवयीने म्हणाल्या, तोंड उघडा. शेवटची तपासणी साफ आली. मी अजून दोनदा करायला सांगितली. त्यांनी एकदा केली.

माझी ओळ

पुढे काही महिन्यांनी दीड वर्ष भरलं आणि संस्थेचे पैसे बंद झाले. कुणी परत मागायला आलं नाही. जमीन तिथेच आहे, किडन्या दोन्ही आहेत. मॅडम शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा समाजमंदिरात पुन्हा मीच उभा राहिलो.

"मॅडम, आता बंद काहून करून राहिले?"

"तेवढ्यासाठीच होते, भाऊ. आता अहवाल लिहायचा."

सुरुवातीला त्यांनी का दिले म्हणून मी दहा कारणं काढली होती. का बंद केले याचं एकही कारण काढायला गावात कुणी पुढे आलं नाही. मला तर हे जास्त संशयास्पद वाटतं.

सभा संपल्यावर मी त्यांना माझी ओळ दाखवायला सांगितली. त्यांनी शोधून काढली. माझ्या नावापुढे होतं: खर्च, काही नाही. प्रकृती, सुधारली. मी म्हटलं, हे बदला. त्या म्हणाल्या, तुम्हीच सांगितलेलं आहे, आता बदलता येत नाही, कागद पुढे गेला. मी म्हटलं, मॅडम, कुठल्यातरी कचेरीत बसलेला माणूस हे वाचेल आणि म्हणेल, हा पाहा, पैशाला हात न लावता बरा झाला, मग द्यायचे कशाला? त्यांनी चष्मा काढून पुसला. एवढ्या ओळींमध्ये एका ओळीने काही होत नाही, म्हणाल्या.

मी विणकर आहे. ताण्यातली एक तार चुकली तर ती लुगड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. घेणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो.

म्हणून मी घरी गेलो आणि कुसुमला बसवून एका पानावर लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. अंडी. दूध. तुरीची डाळ. माझ्यासाठी भंडाऱ्याच्या एसटीची तिकिटं, आठ दिवसांची. खाली लिहिलं की हा माणूस पैशाशिवाय बरा झाला नाही. पैसे लागले, ते त्याच्या बायकोचे होते, आणि त्याचे स्वतःचे त्याने वेळेवर काढले असते तर तो खड्ड्यात पडला नसता आणि बायको वाळली नसती. सही केली. कुसुमने अंगठा दिला.

दोन प्रती काढल्या. मॅडम गाडीत बसत होत्या, त्यांना एक दिली आणि दुसरीवर पोच मागितली. त्यांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली आणि तारीख टाकली. मी ती सही, जपून ठेवलेल्या पहिल्या सभेच्या कागदावरच्या त्यांच्या सहीशी जुळवून पाहिली.

जुळली.